पान मागाहून, आधी सायला तपासा

संत्र्याच्या बगिच्यात ग्रीनिंग आहे की नाही, हे आपण आजही पानावरून ठरवतो. माझं स्पष्ट मत आहे की तिथंच आपला उशीर होतो. पानावर पिवळे चट्टे दिसेपर्यंत रोगाच्या जिवाणूनं झाडाच्या अन्नवाहिनीत घर केलेलं असतं. तोवर त्या झाडाचा रस प्यायलेल्या सायलाच्या दोन-चार पिढ्या धुरा ओलांडून शेजारच्या बगिच्यात गेलेल्या असतात. म्हणून म्हणतो, तपासायचंच असेल तर जी कीड हा जिवाणू वाहून नेते ती आधी तपासा. वरूड, मोर्शीच्या पट्ट्यात हे काम कुणी एकट्यानं करायचं नाही, गावागावानं करायचं आहे.

आता बघा, झाड पिवळं पडलं की आपण काय करतो? झिंक मारतो. ते चूक आहे असं नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत जस्ताची आणि लोहाची कमतरता पाचवीलाच पुजलेली आहे. पण कमतरतेचं पान आणि ग्रीनिंगचं पान यात फरक आहे. जस्ताच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या होतात, शिरा हिरव्या राहतात, पान बारीक होतं. ग्रीनिंगमध्ये दोन बाजूंचा मेळ बसत नाही. डावीकडे चट्टा असतो तिथं उजवीकडे हिरवं असतं, आणि चट्टा शिरा ओलांडून पसरतो. पेन घेऊन पानाच्या एका अर्ध्यावर गोल काढा आणि बरोबर समोर दुसऱ्या अर्ध्यावर तसाच गोल काढा. दोन्ही गोलातला रंग सारखा नसेल तर शंका घ्यायची. फळ वाकडं होतं. उभं कापलं तर मधला दांडा सरळ नसतो, बिया काळ्या पडून वाळलेल्या असतात, आणि फळाचा बुडखा हिरवाच राहतो.

अडचण अशी की ही सगळी लक्षणं उशिरा येतात. शिवाय आपल्या बगिच्यात एकच रोग सुखानं नांदत नाही. डिंक्या असतो, मुळकूज असते, ट्रिस्टेझा असतो, खाली पाणी गेलेलं असतं आणि वरून बहाराचं ओझं असतं. झाड वाळलं की सगळे म्हणतात "संत्रा वाळून रायला". नेमका कशानं वाळला ते मात्र कुणी सांगत नाही. चार कारणं एकत्र असली की पान बघून निदान करणं म्हणजे नाडी हातात न घेता वैदूनं पुडी बांधणं.

मग पान प्रयोगशाळेत पाठवू, असं कुणी म्हणेल. पाठवा, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत भरपूर, दुसरीत थोडा आणि तिसरीत नसतोच, असं होतं. आपण तोडली ती नेमकी तिसरी फांदी असेल, तर अहवालात "आढळला नाही" असं येतं आणि आपण निर्धास्त होतो. माझ्या ओळखीच्या एका कास्तकाराचं असंच झालं. अहवाल स्वच्छ आला, पुढच्या दोन हंगामांत तीच ओळ बसली. त्यात प्रयोगशाळेची चूक म्हणता येणार नाही, कारण तिला जे पान मिळालं तेच तिनं तपासलं.

ग्रीनिंगचा जिवाणू बशीत वाढवता येत नाही, म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावापुढे "कॅन्डिडेटस" हा शब्द लागतो. आपल्याकडे जो आहे त्याला कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस म्हणतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगता येईल असा तो नाही. त्याच्या डीएनएचा तुकडा शोधावा लागतो आणि ते काम पीसीआर करते. मग हा तुकडा पानात शोधायचा की किडीत, इतकाच प्रश्न उरतो.

आता या किडीबद्दल. सिट्रस सायला आपण रोज बघतो, पण ओळखत नाही. प्रौढ तीन-चार मिलीमीटरची, तपकिरी, ठिपक्याठिपक्याच्या पंखांची. पानावर बसते तेव्हा डोकं खाली आणि बूड वर, पानाशी चक्क पंचेचाळीस अंशाचा कोन करून. ही बसण्याची ढब एकदा डोळ्यांत बसली की पुन्हा विसरत नाही. अंडी घालते ती फक्त कोवळ्या नवतीवर, पान उलगडायच्या आत. अंडी पिवळसर-नारिंगी, बदामाच्या आकाराची. पिल्लं चपटी, पिवळी-नारिंगी आणि मागून पांढऱ्या मेणाचे दोरे सोडणारी. नवती नसेल तर अंडी नाहीत. म्हणून आपल्याकडे तिचा जोर तीन वेळा येतो: आंबियाच्या नवतीला जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाच्या नवतीला जून-जुलैत, आणि हस्ताच्या नवतीला ऑक्टोबरच्या आसपास. धुऱ्यावरचा कढीपत्ता आणि बंगल्यापुढची कुंती, जिला नर्सरीवाले कामिनी म्हणतात, तिलाही सोडत नाही. बगिच्यात नवती नसते त्या दिवसांत ती तिथं तग धरते.

ही कीड ग्रीनिंग पसरवते हे आपल्या देशात सिद्ध झालं ते आपल्याच महाराष्ट्रात. पुण्याच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या केंद्रात एस. पी. कपूर, डी. जी. राव आणि एस. एम. विश्वनाथ यांनी ते दाखवलं आणि १९६७ मध्ये छापलं. तेव्हा पीसीआर नव्हतं. रोगट झाडावरची सायला निरोगी रोपावर सोडायची आणि महिनोन् महिने वाट पाहायची, हाच मार्ग होता. आज तेच उत्तर काही तासांत मिळतं, आणि तरीही आपण झाड पिवळं पडायची वाट पाहतो. याला काय म्हणावं, तुम्हीच ठरवा.

किडीच्या पोटात हा जिवाणू कसा जातो, ते समजलं की तपासणीचा अर्थ आपोआप कळतो. पिल्लू रोगट फांदीचा रस पितं, त्यातून जिवाणू आत जातो, आणि पिल्लूपणीच गेला तर किडीच्या अंगात वाढतो. पंख फुटून प्रौढ झाली की ती जन्मभर तो वाहते. प्रौढ झाल्यावर रोगट झाडावर बसली तरी उचलते, पण त्यातल्या बऱ्याच जणींच्या अंगात तो फारसा वाढत नाही. म्हणून पिल्लांचा निकाल आणि प्रौढांचा निकाल यांचे अर्थ वेगळे आहेत. प्रौढ उडते. वाऱ्यासोबत किलोमीटर-दोन किलोमीटर जाऊ शकते. तिच्या अंगात जिवाणू सापडला म्हणजे आसपास कुठंतरी रोगट झाड आहे, ते तुमचंच असेल असं नाही. पिल्लाला पंख नाहीत. पिल्लात सापडला म्हणजे ज्या फांदीवरून ते पिल्लू काढलं त्या फांदीतच जिवाणू आहे, मग पान कितीही हिरवंगार दिसो.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की बाधित सायलानं कोवळ्या नवतीवर अंडी घातली, की तिच्या रसातून गेलेला जिवाणू त्याच नवतीत वाढून पंधरा दिवसांच्या आत तिच्या पिल्लांच्या अंगात पोहोचतो. म्हणजे आई फांदीला रोग देते आणि लेकरं तोच रोग घेऊन उडतात, तेही झाडावर एकही चट्टा नसताना. पानावर लक्षण यायला त्यानंतर महिने, कधी वर्षं लागतात. मधल्या काळात तुमचं हिरवं झाड शेजाऱ्याच्या बगिच्याला रोग पुरवत असतं, आणि शेजाऱ्याचं तुमच्या.

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं? मग अमेरिकेचीच गोष्ट पुरी ऐका. फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये सापडली आणि रोग २००५ मध्ये. मधली सात वर्षं कीड होती, पण रोग दिसत नव्हता. २००३-०४ च्या हंगामात त्या एका राज्यात २४ कोटींवर पेट्या संत्रा निघाला. २०२२-२३ मध्ये तो आकडा २ कोटींच्याही खाली आला. चक्रीवादळांनीही मारलं हे खरं, पण मुळावर घाव घातला तो ग्रीनिंगनं. तिथल्याच शास्त्रज्ञांनी सायला गोळा करून तपासल्या तेव्हा लक्षात आलं की झाडांवर लक्षण दिसायच्या वर्षभर ते कित्येक वर्षं आधी किडीत जिवाणू सापडू शकतो. २००८ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दुकानांत विक्रीला ठेवलेल्या रोपांवरच्या सायलातही तो सापडला होता. विक्रीच्या रोपांवर! ही ओळ वाचून मला शेंदुरजनाघाट आठवलं. तिकडं पुन्हा येतो.

कॅलिफोर्नियानं फ्लोरिडाकडून धडा घेतला. तिथं २००८ पासून सायला आहे. तिथं गावोगाव, घरोघर सापळे लावून सायला पकडतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या हॅसिएन्डा हाइट्समध्ये एका घराच्या अंगणात पहिलं बाधित झाड सापडलं, आणि त्याच ठिकाणची सायलाही बाधित निघाली. त्यानंतर सापडलेली बहुतेक झाडं अंगणातलीच आहेत. मोठे बगीचे इतकी वर्षं बरेच वाचले. वरूडला आपण मोठ्या अभिमानानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतो. फलकावर लिहितो, भाषणात म्हणतो. नाव घेतलं तसं हे कामही घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

आता आक्षेप. या विषयावर बोललो की पहिला आक्षेप येतो तो असा: "भाऊ, पॉझिटिव्ह आला त करशीन काय? झाड तोडशीन?" प्रश्न खरा आहे. सहा बाय सहा मीटरवर एकरी शंभर-एकशेदहा झाडं बसतात. एकेक झाड हाताशी यायला पाच-सहा वर्षं गेलेली असतात, तोडताना हात थरथरणारच. रोग बरा करणारं औषध नाही. अँटिबायोटिकनं जिवाणू दबतो, जात नाही. त्यामुळे प्रौढ सायला पॉझिटिव्ह आली म्हणून कुणी कुऱ्हाड उचलावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण कुऱ्हाड आणि काहीच न करणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. गावातल्या सायलात जिवाणू निघाला, तर त्या भागात पिल्लं शोधायची. पिल्लं पॉझिटिव्ह निघतील त्याच झाडांची पानं तपासायची, सगळा बगीचा नाही. त्या झाडांवरून डोळा काढायचा नाही, मग मातृवृक्ष कितीही देखणा असो. नांग्या भरायच्या असतील तर आधी ही खात्री करायची, कारण लहान झाडाला नवती वर्षभर फुटत राहते आणि सायला तिथंच आधी जाते. म्हाताऱ्या रोगट झाडांच्या मधोमध नवं कलम लावणं म्हणजे तापाच्या रुग्णाच्या खाटेवर लेकराला झोपवणं. आणि फवारणी करायची ती सगळ्यांनी मिळून, एकाच आठवड्यात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो शास्त्र शिकलेल्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, फ्लोरिडात रोग नवा होता, आपल्याकडे ग्रीनिंग जुनाच आहे. सगळीकडे असलेल्या गोष्टीची तपासणी कशाला? माझं उत्तर असं की "जुना आहे" आणि "सगळीकडे सारखा आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दोन शेजारच्या शिवारांत सायलाचं बाधित प्रमाण सारखंच असेल, असं मानायला आधार काय? ते मोजल्याशिवाय कळणार नाही. कुठं शेकड्यात एक बाधित असेल, कुठं शेकड्यात वीस. शेकड्यात एक असलेल्या गावानं ती एक राखायची, आणि शेकड्यात वीस असलेल्या गावात नवा बगीचा किंवा रोपवाटिका उभी करण्याआधी दहा वेळा विचार करायचा. रोग जुना असला तरी त्याचा वेग दर हंगामाला नवा असतो, आणि तो वेग पानातून कळत नाही, किडीतून कळतो.

तिसरा आक्षेप म्हणजे "आम्ही फवारतोच की". फवारतो हे खरं, पण कसं? दुकानदारानं दिलेलं, प्रत्येकाच्या सवडीनं, कुणी आज तर कुणी पंधरा दिवसांनी. एकानं फवारलं की सायला धुरा ओलांडून दुसऱ्याकडे, त्यानं फवारलं की पुन्हा याच्याकडे. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम एकाच जातीची औषधं आहेत, नावं दोन असली तरी. तीच तीच मारली की कीड दाद देईनाशी होते. त्यात आंबियाची नवती आणि फुलं एकदमच येतात. फुलावर हे औषध गेलं की मधमाशी मेली, आणि आपल्या मित्रकिडीही मेल्या. टॅमॅरिक्सिया नावाची एक बारीक गांधीलमाशी सायलाच्या पिल्लाच्या पोटाखाली अंडी घालते आणि तिची अळी पिल्लाला खाऊन मारते. ती मूळची आपल्याच भागातली. कॅलिफोर्नियानं ती आपल्या सीमेपलीकडच्या पंजाबातून नेऊन आपल्याकडे वाढवून सोडली. आपण तिला फुकटात मिळालेली असून फवाऱ्यानं मारतो. ढालकिडा आणि क्रायसोपा यांचंही तेच. कुठल्या शिवारातली सायला बाधित आहे हे माहीत असेल तर तिथं जोर लावता येतो, आणि जिथं नाही तिथं एक-दोन फवारे वाचवता येतात. फवारा कधी मारायचा, तर नवतीचे डोळे फुगून फुटायला लागले की, फूल उमलायच्या आधी. मात्रा लेबलवर आहे आणि विद्यापीठाच्या शिफारशीत आहे, मी इथं लिहीत नाही. मोबाइलवर वाचून पंपात ओतणारे लोक आहेत, म्हणून.

चौथा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यात खरा तोच आहे. गावाचं नाव निघालं तर व्यापारी भाव पाडील, आणि रोपवाटिकेचं नाव निघालं तर कलमं पडून राहतील. शेंदुरजनाघाट, जरूड, वरूड या भागातल्या रोपवाटिकांवर किती घरं चालतात हे आपल्याला माहीत आहे. इथलं कलम ट्रकांनी मध्य प्रदेशात जातं, राजस्थानात झालावाडपर्यंत जातं. जंबेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर डोळा बांधणारा हात इथला आहे, त्या हाताची कला पिढ्यांची आहे. म्हणूनच मला वाटतं, तपासणी सुरू व्हायला हवी ती रोपवाटिकेपासूनच आणि ती त्यांच्याच हितासाठी. ग्रीनिंग दोन वाटांनी जातो. जवळच्या जवळ सायला नेते, शेकडो किलोमीटर लांब कलम नेतं. डोळा रोगट झाडाचा असेल तर कलम जन्मतःच रोगी, आणि उघड्यावर वाढलेल्या कलमाच्या शेंड्यावर चार सायला बसलेल्या असतील तर ती ट्रकात बसून फुकट प्रवास करते. उद्या घेणाऱ्या राज्यानं विचारलं, "तुमच्या कलमावरची सायला तपासली का?" तेव्हा "हो, ही बघा नोंद" असं म्हणणाऱ्याचंच कलम विकलं जाईल. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंडा-कलम पद्धतीनं रोगमुक्त मातृवृक्ष तयार होतात. त्यावरचा डोळा घ्या आणि कीडरोधक जाळीखाली वाढवा. जाळीच्या आत एक जरी सायला सापडली, तर ती पकडून तपासा. रोपवाटिकेत सायला हा धोक्याचा निरोप आहे, तो लपवायचा कशाला?

नाव फुटण्याच्या भीतीवर माझा उपाय साधा आहे. निकाल ज्याचा त्याला गट नंबरसहित खासगीत द्यायचा, आणि बाहेर फक्त महसूल मंडळाचा आकडा सांगायचा. बाधित झाड काढायला लावायचं असेल तर त्याचा मोबदला आधी ठरवायचा, नंतर नाही. मोबदला नसेल तर कुणीही सायला पकडू देणार नाही, मीही देणार नाही. आणखी एक सांगून ठेवतो, ग्रीनिंगनं माणसाला काहीही होत नाही. बाधित झाडाचं फळ बेचव होतं, विषारी होत नाही. ही गोष्ट बाजारात जितक्या मोठ्यानं सांगता येईल तितकी सांगा.

आता तपासणी किती मोठी लागेल, याचा हिशोब करू. समजा गावातल्या शंभर सायलांत एकच बाधित आहे. तुम्ही दहा पकडून पाठवल्या, तर नव्वद टक्के वेळा ती एक सुटते आणि निकाल स्वच्छ येतो. शंभर पकडल्या तरी तीनातल्या एका वेळेला सुटते. तीनशे पकडल्या तर सुटण्याची शक्यता पाच टक्क्यांवर येते. म्हणून एकट्या कास्तकाराची पाच-दहा किडींची बाटली ही समजूत घालण्यापुरती आहे, गावाची तीनशेची गोळाबेरीज कामाची. तीनशे वेगवेगळ्या तपासायची गरज नाही. दहा-दहाच्या बाटल्या केल्या तर तीस चाचण्यांत भागतं. तीसपैकी किती बाटल्या पॉझिटिव्ह आल्या त्यावरून शेकडा अंदाजही निघतो. तीस चाचण्यांचा खर्च एका माणसानं काढायचा म्हटलं तर जड आहे, पण तीस बगिच्यांनी वाटून घेतला तर एखाद्या फवाऱ्यातही तो भागेल असं मला वाटतं.

पकडायचं कोणी? कृषिदूत! दर वर्षी कृषी महाविद्यालयांची मुलं-मुली गावात येतात, बीजप्रक्रिया दाखवतात, बोर्डो मिश्रण करून दाखवतात, ग्रामपंचायतीसमोर फोटो काढतात आणि जातात. चांगली पोरं असतात, काम द्यायला कुणी नसतं. त्यांच्या मुक्कामात मृगाची आणि हस्ताची नवती येते. त्यांच्या हातात पांढरं ताट, काठी, चोषक नळी आणि बाटल्या द्या. फांदीखाली ताट धरायचं, काठीनं तीन टोले द्यायचे, ताटात पडलेली सायला नळीनं ओढून अल्कोहोलमध्ये टाकायची. सकाळच्या गारव्यात किडी सुस्त असतात, तेव्हा हे काम सोपं जातं. पहिल्यांदा मी हे करत होतो तेव्हा धुऱ्यावरून शेजाऱ्यानं विचारलं, "काऊन भाऊ, माश्या पकडून रायला का?" पंधरा मिनिटांनी तोच ताट धरून उभा होता. नवतीवरची पिल्लं मात्र शेंड्यासकट कापून वेगळ्या बाटलीत टाका, प्रौढांत मिसळू नका. मिसळलं की निकालाचा अर्थच जातो.

पिवळ्या चिकट सापळ्यावरची सायला संख्या मोजायला चालते. तपासणीला ती शक्यतो नको, आठवडाभर उन्हात वाळली की तिच्यातला डीएनए खराब होतो.

नागपूरच्या संस्थेकडे माझी एक मागणी आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये ग्रीनिंगसाठी अशी चाचणी प्रसिद्ध केली की जिला पीसीआरचं यंत्र लागत नाही, एकाच तापमानावर काम होतं आणि निकाल पट्टीवरच्या रेघेत दिसतो. गरोदरपणाच्या चाचणीत दिसते तशी रेघ. ती पानाच्या अर्कासाठी होती. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेत केरेमने आणि रामदुगु या भारतीय नावांच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायलासाठी शेतात वापरायची चाचणी प्रसिद्ध केली होती. दोन्ही कामं छापलेली आहेत. या दोहोंचं लग्न लावून, सायलासाठीची पट्टी वरूड-मोर्शीत वापरून बघायला काय हरकत आहे? नागपूर इथून शंभरेक किलोमीटर. संशय आलेल्या बाटल्या पक्क्या खात्रीसाठी तिकडं जातील, बाकीचा निकाल गावातच लागेल. पट्टी पीसीआरइतकी बारीक पकडणार नाही, हे मान्य. पण बारीक निकाल तीन आठवड्यांनी येऊन नवती जून झाली तर त्याचं करायचं काय?

आणि हे फक्त संत्र्याचं नाही, राजेहो. वांग्याचा पर्णगुच्छ, ज्याला आपण बोकड्या म्हणतो, आणि तिळाचं फूल हिरव्या पानासारखं होतं तो रोग, हेही जिवाणूच्याच एका कुळीचे आहेत आणि तुडतुडे ते वाहतात. वांग्याचं झाड उपटून टाकता येतं, हंगाम गेला की पीक नवं. संत्र्याचं झाड वीस वर्षांचा सोबती असतो. म्हणून सुरुवात संत्र्यापासून.

येत्या हस्ताच्या नवतीला मी माझ्या शिवारातून ताट-काठी घेऊन निघणार आहे. बेनोडा, लोणी, पुसला, राजुरा बाजार, टेंभुरखेडा, जिथलं कुणी सोबत येईल त्यांनी आपल्या गावातल्या आणखी नऊ बगिच्यांना तयार करावं, तरच मोजणीला अर्थ आहे. अल्कोहोल कोणतं आणि किती टक्क्यांचं, ते ज्या प्रयोगशाळेत पाठवायचं तिलाच आधी विचारा. बाटलीवर शाईच्या पेननं लिहू नका, अल्कोहोल लागलं की पुसतं. पेन्सिलीनं कागदाच्या चिठ्ठीवर गट नंबर, तारीख, झाडाचं वय, खुंट जंबेरी की रंगपूर, आणि प्रौढ की पिल्लं एवढं लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. फवारणी होऊन किती दिवस झाले तेही लिहा. बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर घरच्यांना आधी सांगून ठेवा.